अंबारखान्याचे दार

पूर्वेला तांबडे फुटले, तसा सोनकडा किल्ल्याच्या तटावरून धुक्याचा पडदा सरकू लागला आणि पायथ्याला पसरलेल्या गनिमाच्या राहुट्या, तोफांचे मोर्चे, पाणवठ्यावरचे उंट एकेक करून दिसू लागले. पण किल्लेदार सुभानराव ढमाले यांचे डोळे तिकडे नव्हते. ते सदरेवर बसून आपल्याच थरथरत्या बोटांकडे पाहत होते, आणि त्यांची पत्नी सगुणाबाई दाराआडून त्यांच्याकडे पाहत होती.

मागच्या एका लढाईत मांडीत भाला घुसला, तेव्हा कळ थांबावी म्हणून वैद्य त्रिंबकभटांनी त्यांना अफूची गोळी दिली होती. जखम भरली, गोळी मात्र सुटली नाही. पुढे काही कारण नसताना रावांची छाती धडधडू लागली, दार लावले की जीव गुदमरू लागला. ती धास्ती घालवायला गोळी, आणि गोळी उतरली की दुप्पट धास्ती. रणात कधी पाठ न दाखवलेला हा माणूस भांडे पडले तरी दचकून उभा राही. त्यात वेढ्यामुळे गडावरची अफू संपली, आणि कुणा घरभेद्याने ती खबर खाली पोचवली.

त्या सकाळी गनिमाचा वकील सदरेवर आला. मुजरा करून त्याने चांदीची डबी पुढे ठेवली.

"रावसाहेबांच्या प्रकृतीसाठी आमच्या सरदारांनी माळव्याची उंची अफू धाडली आहे. हवी तेवढी आणखी येईल. आपण फक्त महादरवाजा उघडावा."

रावांचा हात पुढे गेला. रावांनी डबी उचलली, तटापर्यंत लंगडत गेले आणि ती कड्याखाली भिरकावून दिली.

वकील उतरून गेल्यावर त्रिंबकभट कळवळून म्हणाले, "घात केलात, रावसाहेब! गनिमाची असली तरी चिमूट चिमूट कमी करत मी ती सोडवली असती. एकदम तोडली तर देह सोसणार नाही."

"शत्रूने दिलेले तोंडात घालून धन्याचा गड राखू? बुवा, ते आमच्याने व्हायचे नाही." मग राव पत्नीकडे वळले. "बाई, आज ना उद्या मीच दरवाजा उघडायला धावेन. मला धान्याच्या अंबारखान्यात कोंडा. किल्ल्या तुमच्यापाशी ठेवा. मी हुकूम सोडीन, रडेन, काय वाटेल ते बोलेन. कुमक येईतो दार उघडायचे नाही. घ्या भवानीची आण."

सगुणाबाईने आण घेतली. बंद दाराचे भय काय असते हे ठाऊक असून हा माणूस आपल्या पायांनी आत चालला, हे तिला बघवेना.

आत शिदोरी होती, पाण्याची घागर होती. पहिल्यांदा रावांनी हुकूम सोडले. शिबंदीचे लोक डोळे पुसत उभे राहिले, पण जागचे हलले नाहीत. मग ते ओरडले, "साप निघालाय!" तिने घाबरून दार किलकिले केले, तशी त्यांनी किल्ल्यांवर झडप घातली, गडकऱ्यांनी त्यांना कसेबसे आत लोटले. त्यानंतर तिने कशावरच विश्वास ठेवला नाही.

"सगुणा, भिंती अंगावर येताहेत गं!" ती पदर तोंडात कोंबून दाराशी बसून राहिली. आतून ओकाऱ्यांचा आवाज येई, कण्हणे येई. मग क्षीण हाक आली, "घागर लवंडली. पाणी दे."

"बाईसाहेब, खरे असेल. उघडा," त्रिंबकभट म्हणाले.

"सापही खराच होता का, बुवा?" ती म्हणाली, आणि दार बंदच राहिले.

तिसऱ्या दिवशी कुमक आली. मोर्चे उठले, गनीम पळाला, आणि नौबत झडत असताना सगुणाबाईने कुलूप काढले. घागर आडवी पडली होती, भुई कोरडी ठणठणीत होती, आणि रावांनी दारालाच टेकून प्राण सोडला होता. त्यांचे ओठ तडकलेले होते.

पुढे धन्यांकडून मानाची वस्त्रे आली. बाईंनी काळजावर धोंडा ठेवून आण पाळली आणि राज्याचा गड राखला, अशी थोरवी ती घेऊन आलेल्या कारकुनाने भरल्या सदरेवर गायली. सगुणाबाईने सगळे ऐकून घेतले आणि वस्त्रांचे तबक मागे सारले.

"धन्यांना आमचा मुजरा सांगा. गड किल्लेदारांनी राखला. त्यांनी माझ्यापाशी शेवटी घोटभर पाणी मागितले, आणि मी त्यांना खोटे ठरवले."