चार दिव्यांखालचं चाक

"दोघंही खोटं बोलणारी माणसं नाहीत," प्रणाली म्हणाली. "पण दोघांचंही म्हणणं एकाच वेळी खरं असू शकत नाही. म्हणून मी तुमच्याकडे आले."

कल्पिता म्हात्रेने पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. विमा कंपन्यांसाठी अपघातांची पाहणी करण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. आता मुरुडला एका लॉजच्या खालच्या खोलीत तिचं स्वतःचं तपासाचं ऑफिस होतं. एसटीतून निवृत्त झालेले धर्मामामा तिची गाडी चालवत आणि प्रत्येक प्रकरणात तिच्याआधी निष्कर्ष काढून मोकळे होत. तो निष्कर्ष बहुधा चुकायचा.

प्रणालीने सांगितलं ते असं. तिचे वडील भागोजी दिघीला आवडाबाईंच्या नव्या कोल्ड स्टोरेजमध्ये बर्फ फोडायच्या यंत्रावर होते. मागच्या आठवड्यात यंत्राच्या तोंडात बर्फाचा तुकडा अडकला. भागोजींनी झाकण उघडलं, चाक थांबलेलं पाहिलं आणि हात आत घातला. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

यंत्राचा खटका गोदामाच्या दुसऱ्या टोकाला होता. तिथे विनेश होता, गोदामाचा वायरमन. भागोजींचं म्हणणं, विनेशने यंत्र बंद केलं आणि आपला हात आत असताना परत चालू केलं. विनेशचं म्हणणं, यंत्र सकाळपासून चालूच होतं, आपण खटक्याला हातच लावला नाही.

"आणि त्या दोघांचं आधीचं भांडण?" कल्पिताने विचारलं.

प्रणाली खाली पाहू लागली. विनेशशी लग्न करायचं असं तिने घरी सांगितलं होतं. भागोजींना ते मान्य नव्हतं. अपघाताच्या आदल्या दिवशी सगळ्या कामगारांसमोर दोघांची जोरात वादावादी झाली होती. पोलिसांना त्यात कारण दिसलं आणि विनेशवर गुन्हा दाखल व्हायच्या बेतात होता.

तिने मोबाइलवर गोदामाच्या उद्घाटनाची चित्रफीत दाखवली. यंत्राला हार घातलेला होता, भागोजी नारळ फोडत होते. चित्रावरून वरून खाली काळसर पट्टे सरकत होते.

"तुझा कॅमेरा बिघडलेला दिसतो," मामा म्हणाले.

बाहेर काढलेलं सगळं स्वच्छ आलंय, असं प्रणालीने सांगितलं. कल्पिताने ती चित्रफीत पुन्हा एकदा पाहिली.

आगरदांड्याहून फेरीबोटीने तिघं पलीकडे दिघीला गेली. गोदाम जेट्टीपासून जवळच होतं. दाराला लागून मालगाड्यांसाठी शेड होती, तिन्ही बाजूंनी पत्रे ठोकलेली, त्यामुळे दिवसासुद्धा आत दिवे लागत. आवडाबाईंनी तिथेच खुर्च्या मांडून चहा मागवला. मासळीच्या टोपल्यांपासून सुरुवात करून या गोदामापर्यंत पोचलेली बाई. पण आज त्यांच्या आवाजात जोर नव्हता.

"भागोजी माझ्याकडं पहिल्यापासून हाय," त्या म्हणाल्या. "आणि विनेश पोराला मी भावाच्या पोरासारखा मानते. कुणाला घालवू, तू सांग बाय."

कोपऱ्यात उभा पंखा चालू होता. मामा त्याच्यासमोर बसून घाम पुसत होते. मग ते पंख्याकडे टक लावून बघतच राहिले. "काय गंमत आहे बघ. पाती कशी सावकाश उलटी चालली आहेत, आणि वारा असा की टोपी उडावी."

कल्पिताने पंख्याकडे पाहिलं, वर दिव्यांकडे पाहिलं. पर्समधून पेन काढून तिने ते हवेत झर्रकन फिरवलं. एका पेनाच्या जागी वेगवेगळी उभी असलेली कितीतरी पेनं तिला दिसली. तिने पेन परत ठेवलं आणि आवडाबाईंना विचारलं, हे दिवे कधीचे?

नवेच, आवडाबाई म्हणाल्या. गोदामाची दिवाबत्ती ज्याने केली तो हर्षद मोठा गुणी मुलगा. अपघातानंतर दोन दिवसांनी त्याने स्वतःहून हे चार दिवे इथे लावून दिले. ड्रायव्हर लोकांना अंधारात माल चढवावा लागतो म्हणाला. पैसेही घेतले नाहीत.

हर्षद आतच होता. शेजारी दुसरं गोदाम उभं राहत होतं, त्याची दिवाबत्तीही त्याच्याकडेच होती. त्याने मोठं दार सरकवलं आणि मामा उंबऱ्यातच थबकले.

बाहेर शेवाळलेले पत्रे आणि माशांचा वास. आत मात्र खिडकी नाही, फट नाही, आणि तरी भर दुपारचा उजेड. देवळाच्या शिखराइतकं उंच छत. रॅकच्या लांबच लांब गल्ल्या, आणि सगळ्यात तळाच्या खोक्यावरची बारीक अक्षरंही वाचता येत होती. मामांनी स्वतःच्या पायाशी पाहिलं. सावली जवळजवळ नव्हतीच.

"हे तुम्ही एकट्याने केलं?" कल्पिताने विचारलं. तिच्या विचारण्यात खरं कौतुक होतं.

हर्षदचा चेहरा उजळला. शेजारच्या खोलीतल्या कॉम्प्रेसरची घरघर एवढी होती की त्याला ओरडूनच सांगावं लागत होतं. दिवा उंचावर गेला की उजेड पसरतो आणि खाली येईपर्यंत विरून जातो, म्हणून गल्ल्यांवर अरुंद झोताचे दिवे आणि मोकळ्या जागेवर रुंद झोताचे. भिंती मुद्दाम पांढऱ्या, म्हणजे उजेड परत फिरतो. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याची मान वर गेली तरी डोळे दिपायला नकोत, म्हणून काचा दुधी. जागा पाहून आधी कागदावर उजेड मांडायचा आणि मग दिवा निवडायचा, असं त्याचं म्हणणं. लोक उलटं करतात. बोलताना तो वर बघत होता आणि त्याच्या नजरेत देवघरात उभ्या असलेल्या माणसाचा भाव होता.

"उद्घाटनानंतर यातला एखादा दिवा बदलावा लागला?"

"एकही नाही," हर्षद म्हणाला. "एवढ्या वर पोचायला माणसाला उचलून नेणारा माझा पाळणाच लागतो. माझ्याशिवाय तिथे कुणी गेलेलं नाही."

कल्पिता यंत्रापाशी गेली. चार पात्यांचं जड चाक, वर झाकण, आणि माथ्यावर छताला चार दिवे. तिने मोबाइलवर थोडं चित्रण केलं आणि लगेच पाहिलं. चित्र स्वच्छ होतं. मग तिने कॅमेऱ्यातलं चित्र मोठं करून छतातले दिवे एकेक न्याहाळले. मालाच्या दारातून येणाऱ्या किड्यांचे काळे ठिपके सगळ्या काचांवर होते. यंत्रावरच्या चार काचांवर एकही नव्हता.

विनेश स्विचबोर्डपाशीच भेटला. खाली मान घालून तो एवढंच सांगत राहिला की भागोजीकाकांनी हाक मारली असेल तर ती ऐकू आली नाही, आणि खटका आपण बंदही केला नाही, चालूही केला नाही. भांडणाबद्दल विचारल्यावर तो म्हणाला, "त्यांनी मला नको म्हटलं, त्याचा राग आला होता. पण हात गेल्यावर त्यांना लहान मुलासारखं उचलून गाडीत मीच घातलं. त्या हातांनी मी हे करीन?"

"रागाच्या भरात माणूस काहीही करतो," बाहेर आल्यावर मामा म्हणाले. त्यांचा निष्कर्ष निघाला होता.

भागोजी घरी अंगणात बसले होते, हात पट्टीत गुंडाळून गळ्यात अडकवलेला. ते फार बोलायला तयार नव्हते. कल्पिताने त्यांना चाक थांबलं ते नेमकं कसं, एवढंच विचारलं.

"म्या वरडून सांगितलं, बंद कर," ते म्हणाले. "मग बघितलं. चाक हळूहळू उलटं फिरत होतं. मग थांबलं. पात्यावरचा गंजाचा डागसुद्धा दिसला मला. चालू चाकावरचा डाग दिसतो का कधी?"

"उलटं?"

"व्हय, उलटं. मीबी चमकलो. पण बघितलं ते सांगतो."

प्रणाली दारात उभी होती. वडिलांचं बोलणं ऐकताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण तिला त्यात कुठेच खोट सापडत नव्हती.

त्या दिवशी कल्पिताने आवडाबाईंकडे एकच मागणी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षद यायच्या आत विनेशने त्याचाच पाळणा घेऊन शेडमधले चार दिवे काढावेत आणि यंत्राच्या वर, तिथल्या चार दिव्यांच्या जागी टांगावेत.

सकाळी सगळे यंत्रापाशी जमले. कॉम्प्रेसर थोडा वेळ बंद ठेवले होते. एवढी शांतता त्या जागेत कुणी ऐकली नव्हती. भागोजी खुर्चीवर, त्यांच्यामागे प्रणाली, लांब खटक्यापाशी विनेश. हर्षद शेवटी आला आणि सवयीने त्याने आधी वर पाहिलं. त्याची पावलं तिथेच थांबली.

"मला पहिल्यांदा पटलं ते भागोजीकाकांचं बोलणं," कल्पिताने सुरुवात केली. "खोटं सांगणारा माणूस म्हणेल, चाक थांबलं होतं. उलटं फिरलं असं तो कशाला सांगेल? हे चाक उलटं फिरूच शकत नाही. ऐकणाऱ्याला पटणार नाही अशी गोष्ट त्यांनी सांगितली, ती डोळ्यांना दिसली म्हणूनच. म्हणजे ते खरं बोलत होते. आणि चाकाने तसं केलेलं नव्हतं, म्हणजे विनेशही खरं बोलत होता. मग दोघांच्या मध्ये उरतं काय? उजेड."

मामांनी नकळत वर पाहिलं.

आपली वीज सारखी वाहत नाही, ती म्हणाली. सेकंदाला शंभर वेळा तिचा जोर चढतो आणि उतरतो. एलईडीच्या मागे एक डबी असते, दिव्यांचं काम करणारे तिला ड्रायव्हर म्हणतात. चांगली डबी ही चढउतार गिळून टाकते आणि उजेड सलग मिळतो. हलकी डबी ती तशीच पुढे पाठवते. मग दिवा सेकंदाला शंभर वेळा मावळतो आणि पेटतो. डोळ्याला ते कळत नाही, मोबाइलच्या कॅमेऱ्याला मात्र काळे पट्टे दिसतात. उद्घाटनाच्या चित्रफितीत ते होते. काल त्याच जागी तिने चित्रण केलं तेव्हा नव्हते.

"आता हे चाक बघा. चार सारखी पाती. एका चमकेपासून पुढच्या चमकेपर्यंत चाक पाव फेरा फिरलं, तर पहिल्या पात्याच्या जागी दुसरं येऊन उभं राहतं. प्रत्येक चमकेला तेच. डोळा म्हणतो, चाक थांबलंय. पाव फेऱ्याला किंचित कमी पडलं, तर म्हणतो, सावकाश उलटं चाललंय."

"पंखा," मामा हळूच म्हणाले.

"पंखाच, मामा. पहिल्यांदा तुम्ही पाहिलंत, मी नाही."

बर्फ भरलेला असताना चाक दमतं, वेग उतरतो, चुरा उडतो, त्यामुळे हा भास कधी झाला नाही, तिने पुढे सांगितलं. त्या दिवशी तोंडात तुकडा अडकला, बर्फ खाली जायचा थांबला आणि चाक रिकामं फिरू लागलं. कॉम्प्रेसरच्या घरघरीत ना हाक पोचली, ना चाकाचा आवाज.

राहिला प्रश्न दिव्यांचा. सगळ्या काचांवर किड्यांचे ठिपके आणि या चारच कोऱ्या, म्हणजे ते दिवे मागाहून लागले होते. तिथवर पोचणारा माणूस एकच, हे त्याने स्वतःच सांगितलं होतं. दिवा बदललाच नाही असंही तोच म्हणाला होता. आणि अपघातानंतर दोन दिवसांनी शेडमध्ये चार दिवे फुकट लागले, ज्यांच्याखाली पंखा उलटा फिरतो. ते आता परत आपल्या जागी होते.

"विनेश," कल्पिताने आवाज दिला, "यंत्र चालू कर."

"नको," हर्षद म्हणाला. "चालू करू नको. भागोजीकाका जवळ बसलेत."

दिव्यांचा धोका आपल्याच तोंडून कबूल झाला, हे त्याच्या लक्षात आलं आणि तो जवळच्या खोक्यावर बसला.

मग त्याने सगळं सांगितलं. यंत्रावर सलग उजेडाचेच दिवे हवेत हे त्याला पक्कं माहीत होतं. ते मागवलेही होते, पण उद्घाटनाचा दिवस आला तरी पोचले नव्हते. छतात चार भोकं काळी दिसली असती. एवढं देखणं काम अपुरं दाखवायचं त्याच्या जिवावर आलं, म्हणून बाजारातले साधे चार दिवे तात्पुरते टांगले. बदलायचं राहून गेलं. अपघाताचं ऐकताच त्याला उमगलं, आणि चांगले दिवे येताच त्याने सगळे कामगार जेवायला गेलेले असताना ते बदलले. विनेशवर काही शाबीत होणार नाही, तो सुटेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

"त्याला सोडवणं तुमच्या हातात होतं," कल्पिता म्हणाली. "तुम्ही गप्प राहिलात. अपघात चुकीने झाला. हे तुम्ही जाणूनबुजून केलंत."

हर्षदने मान हलवली. पोलिसांकडे मी स्वतः जातो, असं तो म्हणाला, आणि आवडाबाई त्याच्याबरोबर जायला उठल्या.

"जरा थांबा," भागोजी म्हणाले. "मला बघायचंय."

कॉम्प्रेसर सुरू झाले आणि जागा पुन्हा घरघरीने भरली. झाकण उघडं होतं. विनेशने खटका दाबला आणि धावत त्यांच्याजवळ आला.

चाक क्षणभर धूसर झालं. मग त्या धूसरतेतून पाती बाहेर आली, एकेक, स्वच्छ, धारेसकट. ती सावकाश मागे सरकली. मग थांबली. पात्यावरचा गंजाचा डाग दिसू लागला. आवडाबाईंनी हात जोडले. आपण नक्की कशाला हात जोडतोय हे त्यांनाही सांगता आलं नसतं. मामांनी टोपी काढून हातात घेतली. सगळं समजावून सांगणारी कल्पितासुद्धा श्वास रोखून बघत राहिली. तिला सगळं माहीत होतं आणि तरीही तिचे डोळे सांगत होते की ते चाक उभं आहे.

भागोजी खुर्चीवरून उठले. ते चाकापाशी गेले, वाकले, आणि त्यांचा डावा, धड हात त्यांच्या नकळत वर उचलला गेला.

विनेशने मनगट धरलं. "काका, चालू आहे ते."

भागोजींनी चाकाकडे पाहिलं. ते थांबलेलंच होतं. मग त्यांनी विनेशकडे पाहिलं, आणि हात मागे घेतला.