सपाट पाण्यावरची बार्ज

वीज गेली होती. आम्ही सगळे गच्चीवर काकांभोवती बसलो होतो.

"ही ऐकीव गोष्ट नाही," काका म्हणाले. "माझ्या मित्राची आहे. समुद्रात तेलाचे प्लॅटफॉर्म उभारतात ना, तिथे तो बार्जवरची, म्हणजे सपाट, नांगरून ठेवलेल्या बोटीवरची क्रेन चालवायचा. गेल्या वर्षी, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी तो बहिणीकडे तिच्या नवऱ्याची पेटी पोचवायला गेला. मेहुणा त्याच कामावर, भाराला दोर बांधायला होता. आदल्या आठवड्यात याच्याच क्रेनच्या भाराखाली चिरडला."

"मग?" धाकट्याने विचारलं.

"बहिणीने पेटी दारातच घेतली. म्हणाली, 'दादा, चौकशीत चूक कुणाची असं विचारलं तेव्हा तू काय सांगितलंस?' घाई साहेबांनी केली होती. पण नोकरी टिकावी म्हणून यानं दोष मेलेल्यावरच ढकलला होता. तिनं दार लावलं."

काका पाणी प्यायले.

"त्याच रात्री तो बार्जवर परतून क्रेनवर चढला. समुद्र ताटासारखा सपाट. तिथेच माणूस फसतो. लाट दिसत नाही, पण नांगरलेली बार्ज आतल्या आत झुलत असते. नांगरांच्या तारा सैल पडतात, मग ताणतात. झुलणं थांबेपर्यंत भार खाली सोडायचा नसतो. साहेब वॉकीटॉकीवर ओरडले, 'अरे, पाणी बघ की! मुहूर्त काढून देऊ का?' खाली प्लॅटफॉर्मवर चार माणसं उभी. याला तारा सैल दिसत होत्या. तरी यानं भार खाली सोडायला घेतला."

"परत?" ताई म्हणाली.

"परत. पोटासाठी."

"बार्ज सरकली. हळूच. तिच्याबरोबर भारही. थेट त्या चौघांवर. ब्रेकचा उपयोग नव्हता. आणि..."

"आणि काय?"

"भार थांबला. बार्ज सरकतच होती. भार हवेत, तिरका. कुणीतरी खालून ओढून धरल्यासारखा. माणसं पळाली. वॉकीटॉकीवर श्वास ऐकू आला. नुसता श्वास... हा म्हणाला, 'दाजी?' ... मग तो श्वासही थांबला."

"उजाडल्यावर यानं सगळ्यांसमोर खरं सांगितलं. दोन्ही वेळचं. नोकरी गेली. साहेब अजून तिथेच आहेत. बहिणीनं दार अजून उघडलेलं नाही."

"आणि भार?"

"पाणबुड्या खाली उतरला. भारापासून एक दोर पाण्यात गेला होता. बार्जवर तसला दोर नव्हताच. दुसरं टोक प्लॅटफॉर्मच्या पायाला बांधलेलं. खोल, पाण्याखाली. गाठ सुटेना, म्हणून दोर वरूनच कापला. पायाभोवतीचा वेढा आणि उरलेला दोर अजून तिथेच आहे... दर खेपेला पाणबुडे सांगतात, दुसऱ्या टोकाला काहीच नसताना तो कुणी ओढल्यासारखा ताणलेलाच असतो."