समोरची भिंत

कासार गल्ली पाडली तेव्हा वाशीमात फारसं कुणी हळहळलं नाही. स्टेशनापासून बाजारापर्यंत मोटारी आणि कापसाच्या गाड्या सरळ जाव्यात म्हणून नवा रस्ता आखला होता, आणि गल्ली नेमकी त्या आखणीच्या पोटात आली. गल्ली ती केवढी, समोरून बैलगाडी आली तर माणसानं ओट्यावर चढावं एवढी. एका टोकाला कासारांची घरं, दुसऱ्या टोकाला रंगारी. त्याच्या निळीच्या पाण्यानं तिथलं गटार बाराही महिने निळं वाहायचं. आणि दोहोंच्या मधे मुलांची शाळा. शाळा म्हणजे एक लांबट कौलारू खोली, मातीच्या जाड भिंतींची. भर उन्हाळ्यातही तिच्यात गार वाटायचं.

दिवाळी झाली आणि पाडापाडी सुरू झाली. लाकूड गेलं, कौलं गेली, दारं-खिडक्या गेल्या. उरली माती, आणि तिला गिऱ्हाईक एकच, माळी. जुन्या घराच्या भिंतीची माती म्हणजे पांढरी. वांग्या-मिरचीला ती शेणखताच्याही वरचढ. गावाबाहेर ओढ्याकाठी चंपत माळ्याचा मळा होता, विहिरीला बारमाही पाणी होतं. त्यानं गाडी जुंपली आणि शाळेच्या भिंती मळ्यात आणून टाकल्या.

पांढरीचा एक नियम असतो, तो माळ्याच्या पोराला वेगळा शिकवावा लागत नाही. माणसं वावरलेल्या भिंतीची माती आणली, की एक पावसाळा ती बांधावर उघडी पडू द्यायची, मगच वाफ्यात घालायची. चंपतचा बाप म्हणायचा, पांढरीले इसरू द्या, मंग कामाले लावा. तिनं काय विसरायचं हे त्याला कधी कुणी विचारलं नाही. चंपतच्या मते सगळा प्रश्न खाराचा होता. पाऊस पडला की खार धुऊन जातो, एवढंच. तो डोळ्यांना दिसेल तेवढं मानणारा माणूस. त्या साली वांग्याची रोपं हाताशी आली होती आणि वाफे उपाशी होते. शाळेची मागची भिंत आधी आली, ती त्यानं तशीच वाफ्यांत ओतली. समोरची भिंत, जिच्यावर फळा असायचा आणि जिच्याकडे तोंड करून पोरं बसायची, ती शेवटी आली. ती उरली म्हणून तेवढी मात्र बाभळीखाली ढीग करून ठेवली.

वांगी अशी धरली की झाडं वाकली. चंपतची बायको हौसाबाई टोपली घेऊन बाजारात बसायची आणि तिची टोपली सगळ्यांच्या आधी रिकामी व्हायची.

माघात एक गंमत झाली. प्रयागबाई म्हणून एका वकिलाची नवी बायको होती, संक्रांतीनंतर लग्न होऊन यवतमाळाकडून आलेली. वांगी निवडता निवडता तिनं हौसाबाईला विचारलं, की निळ्या गटाराची ती गल्ली कुठं गेली, काल मी शोधून दमले. बाजूला उभ्या चंपतला हसू आलं. गल्ली पडली तेव्हा या बाईचं लग्नही ठरलं नव्हतं. सासूनं सांगितलं असेल, असं त्यानं मनाशी म्हटलं आणि तो तराजू पुसू लागला.

मग सेवालालचं झालं. तांड्यावरून कापूस वाहणारा हा गडी, पाटी कशी असते हे त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. तो बैल सोडून झाडाखाली पडला होता आणि डोळे मिटून औटकी म्हणत होता. एक औट औट, बे औटे सात, न अडखळता, शाळेच्या हेलात. साडेतीनचा पाढा म्हणणारी माणसं गावातही फार उरली नव्हती. कुठं शिकला म्हणून चंपतनं विचारलं तर तो उठून बसला आणि घाबरला.

"मले काय मालूम बाप्पा," तो म्हणाला. "वांग्याची भाजी खाल्ली, पडलो, अन् तोंडात येऊन राह्यलं."

त्या दिवसापासून चंपतनं वांगं खाणं सोडलं. वाताचं निमित्त सांगितलं. निमित्त सापडायला माणसाला वेळ लागत नाही.

हौसाबाई मात्र रोज खात होती, आणि हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. फाल्गुनात एका दुपारी खोपीत जेवण आटोपलं होतं, मोट थांबली होती, पाटाचं पाणी अजून सावकाश चाललं होतं. हौसाबाई त्या पाण्याकडे पाहत बसली होती.

"मले शाळा दिसते," ती म्हणाली.

चंपतनं हातातला अडकित्ता खाली ठेवला.

"मागून दिसते. पोरं बसून राह्यते, समद्यायच्या पाठी. खिडकीजवळ आपला लखमा."

"कायवरून लखमा?"

"खांद्याले माह्या हिरव्या लुगड्याचं ठिगळ हाय. डोक्यावर दोन भवरे. मायले वळखू येत नाही काय?"

लखमा त्यांचा एकुलता एक. कासार गल्लीच्या शाळेत दोन पुस्तकं शिकला आणि मानमोडीच्या तापाच्या साथीत गेला. ती साथ आली तेव्हा वाशीमात मढी उचलायला माणसं पुरत नव्हती. तो गेला त्या दिवशी हौसाबाई स्वतः तापात बेशुद्ध होती. उठली तेव्हा घरात पोरगा नव्हता, आणि तिच्या डोक्यात त्याचं तोंड नव्हतं. त्याची पाठ, चाल, खोकला, सगळं जागच्या जागी होतं. तोंडच पुसून गेलं होतं. इतक्या वर्षांत तिनं हे फक्त चंपतला सांगितलं होतं. इतर बायका लेकरांच्या आठवणी काढून रडत, तेव्हा ही उठून पाणी आणायला जायची. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

चंपतला तोंड आठवत होतं, लख्ख. कितीदा तरी त्यानं तिला ते सांगितलं होतं: डोळे तुझ्यासारखे बारीक, हनुवटीला विळ्याची खूण, पुढचा एक दात आडवा. ती मन लावून ऐकायची आणि शेवटी म्हणायची, हे तुमी सांगून राह्यले, मले दिसत नाही.

आज ती त्याच्याकडे वळली. "मागची भित मागून दाखोते. मंग समोरची भित कोठी हाय?"

बाभळीखालचा ढीग तिथून पंचवीस पावलंही नव्हता, पण तो कुठल्या भिंतीचा हे तिला ठाऊक नव्हतं. चंपतनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. मेडशीचा एक गाडीवाला घेऊन गेला, असं तो बोलून गेला. आयुष्यात बायकोशी तो फारसा खोटं बोलला नव्हता. पण तिच्या डोळ्यांत त्याला अशी काही ओढ दिसली, की खरं सांगणं त्याला धोक्याचं वाटलं. पोरगा गेला होता, तो गेलाच होता. आता ही तरी राहावी, एवढंच त्याचं मागणं होतं.

ढीग ओढ्यात लोटून द्यावा असं त्याच्या मनात रोज यायचं. एकदा फावडं घेऊन तो गेलाही. पण त्या मातीत खरंच लखमाचं तोंड असेल तर, या विचारानं त्याचा हात उचलेना. पावसाळा येईल, माती आपसूक विसरेल, असं म्हणून तो परत फिरला.

चैत्रात पाट फुटला. चंपत बाजारात गेला होता. पाणी बांधाखालून झिरपत ढिगाच्या बुडाशी गेलं असावं आणि ते कुणाला दिसलं नसावं, कारण काही दिवसांनी ढिगावर चिवळीची भाजी उगवली. बारीक, लालसर देठांची, आपोआप येते तशी.

मग एका दुपारी तो बाजारातून परतला तेव्हा चूल पेटलेली होती. हौसाबाई भाकरी थापत होती. चिवळीचे निवडलेले देठ चुलीपाशी पडले होते, आणि तिच्या तोंडावर असं काही होतं, जे त्यानं साथीच्या आधी शेवटचं पाहिलं होतं.

"दिसला," ती म्हणाली.

"कसा हाय?" त्यानं विचारलं. रागवायचं, धाक घालायचा, असं ठरवून ठेवलं होतं; तोंडातून निघालं ते हे.

"तुमी सांगतलं तसाच. पण हासून राह्यला होता. ते तुमी सांगतलं नव्हतं."

चंपतला भडभडून आलं. खरंच सांगितलं नव्हतं. तो पोरगा सदा हसायचा, आणि हे सांगायचं राहून गेलं होतं.

"समदे पोरं माह्याकडंच पाह्यत होते," ती भाकरी तव्यावर टाकत म्हणाली. "लखमानं जागा केली. म्हणे, माय, बस. मी म्हणलं, तुह्या बापाले जेवू घालतो, मंग येतो."

पुन्हा ती भाजी खायची नाही, असं त्यानं तिला बजावलं. तिनं मान हलवली. उद्याच ढीग ओढ्यात टाकतो, म्हणाला. तिनं त्यालाही मान हलवली आणि त्याच्या ताटात गरम भाकरी वाढली. तो जेवला. काय जेवला ते त्याला कळलं नाही. ती समोर होती, बांगड्या वाजत होत्या, आणि त्याला वाटलं, गेलं, टळलं.

हात धुवायला तो पाटावर गेला. चूळ भरली, पंच्याला हात पुसले आणि वळला.

तव्यावर भाकरी टम्म फुगली होती. फुगली आणि करपली. चुलीपुढे कुणी नव्हतं.

विहिरीत गळ टाकले. ओढा पाहिला. चंपतचा धाकटा भाऊ रामकिसन माणसं घेऊन पार मेडशीच्या वाटेपर्यंत जाऊन आला. भ्रमिष्ट होऊन निघून गेली, असं लोक म्हणाले. लोकांना काहीतरी म्हणावंच लागतं. ढिगावरची चिवळ तिनं मुळासकट उपटली होती. चंपतनं ढिगाला पाणी घालून पाहिलं, हातानं माती उकरून पाहिली. तिथं पुन्हा पानही फुटलं नाही.

वांग्याचा हंगाम सरला होता. झाडं वाळली होती. तरी एका झाडावर बियाण्यासाठी ठेवलेलं एक वांगं होतं, पिवळं, कातडं झालेलं. ज्येष्ठाच्या अखेरीस एका दुपारी आभाळ भरून आलं आणि चंपतच्या ध्यानात आलं, की आता पाऊस पडणार, आणि मग माती विसरणार. त्यानं ते वांगं तोडलं, निखाऱ्यात भाजलं आणि उभ्या उभ्याच खाल्लं. कडू होतं. बियांसकट गिळलं.

तो खोपीला टेकून बसला. वारा पडला होता.

आधी गारवा आला, जाड भिंतीच्या आतला.

मग पोरांचा गलका. औटकी चालली होती. खिडकीतून उजेड येत होता आणि बाहेर गटाराचं पाणी निळं दिसत होतं. पाठीच पाठी. खिडकीजवळ हिरव्या ठिगळाची पाठ, डोक्यावर दोन भोवरे.

लखमाच्या शेजारी हौसाबाई बसली होती. पदर डोक्यावर घेतलेला. पोरांच्या हेलावर तिचीही मान हलत होती.

चंपतनं हाक मारायचा प्रयत्न केला. भिंतीला आवाज नसतो.

पाढा थांबला. मास्तरांची खुर्ची रिकामी होती. सगळी शाळा कुणाची तरी वाट पाहत गप्प बसली.

हौसाबाईनं मागं वळून पाहिलं नाही. ती बसल्या जागी थोडी सरकली, आणि पलीकडची मोकळी जागा तिनं पदरानं झाडली.