गालाला गार लागतंय

ती दुकानात शिरली तेव्हा बाइंडर एका जाड शब्दकोशाला पुठ्ठा चढवत होता. तिच्या बादलीतून खारं पाणी टपटपत होतं.

“बाई, आधी ती बादली बाहेर!”

“वनस्पतिशास्त्रज्ञ आहे मी. समुद्रातलं शेवाळ गोळा करते. नमुने दाबून वाळवायचा माझा प्रेस मोडलाय… तुमचा द्याल? हे संध्याकाळपर्यंत कुजेल.”

नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, “ठेवा.”

तिने परातीत पाणी ओतलं, त्यात लालसर शेवाळ सोडलं आणि खालून कागद सरकवून अलगद वर उचलला. एकेक तंतू कागदावर उलगडला. त्याने डिंकाची वाटी पुढे केली.

“नको. हे आपलं आपण चिकटतं.”

डिंकात जन्म गेलेला माणूस बघतच राहिला. शेवाळाकडे की तिच्या बोटांकडे, ते मागच्या खोलीतल्या त्याच्या आत्याला बरोबर दिसलं.

शेवाळावर मलमल, वर टिपकागद, मग प्रेस. टिपकागद रोज बदलायचा, म्हणून ती रोज यायची.

“वाळलं हे कळतं कसं?” त्याने विचारलं.

“गालाला लावायचं. गार लागलं तर ओलं.” तिने कागद त्याच्या गालाशी धरला. कागद गार होता, गाल मात्र तापला.

नमुने वाळले की ती दूरच्या किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत रुजू होणार होती. हे कळल्यापासून त्याचं कामात लक्ष लागेना. “वाळलं?” असं तिने विचारलं की तो कागद गालाला लावून म्हणायचा, “अजून गारच लागतंय.”

“अरे, एव्हाना समुद्र वाळला असता!” आत्या म्हणाली.

शेवटी त्यालाच राहवेना. “ऐका… कधीच वाळलंय. खोटं बोललो मी. तुम्ही जाऊ नये असं वाटतं… आवडता तुम्ही मला.”

ती टिपकागद रचत राहिली. “माहीत होतं. एवढं शिकून मला वाळलेलं ओळखता येत नाही होय?”

“मग बोलला का नाहीत?”

“रोज ऐकायला बरं वाटत होतं…”

तरी ती गेली. ते काम तिने फार कष्टाने मिळवलं होतं, आणि थांबा म्हणायचा त्याला धीर झाला नाही. जाताना मात्र एक ताजं शेवाळ प्रेसमध्ये ठेवून गेली.

काही दिवसांनी फोन आला. “वाळलं?”

“वाळलं. या वेळी खरं सांगतोय.” खरं बोलताना त्याचा आवाज पडला होता.

“तुमचा काय भरवसा! मीच येऊन बघते. साहेबांना पटवलंय, तुमच्याकडच्या खडकांवरचं शेवाळ अजून कुणी धड पाहिलेलंच नाही. बरीच वर्षं पुरेल इतकं काम आहे तिथे.”

“तिकडे मोठा प्रेस असेल ना?”

“आहे की. पण त्याला गाल नाही.”

ती आली तेव्हा त्याने लगबगीने प्रेस उघडला. तिने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. बादली दाराबाहेर ठेवली आणि आपला गाल त्याच्या गालाला टेकवला.

“गार नाही,” ती म्हणाली.