परतीचं एकच तिकीट

आणे गावच्या पठारावर चैत्रातली दुपार तापली होती. दिशानं ओसरीवर बसून पुण्याच्या ट्रॅव्हल कंपनीला फोन लावला. तिला आणि आईला अंटार्क्टिकाच्या जहाजावर जायचं होतं. बुकिंग तेवढं पक्कं करायचं राहिलं होतं.

हौस म्हणून कुणी जात नव्हतं. तिचा धाकटा भाऊ सार्थक तिकडच्याच एका जहाजावर स्वयंपाकी होता. वादळात डेकवरून पडला तो त्या पाण्यातच राहिला. देहसुद्धा हाती लागला नाही. तेव्हापासून आईनं, म्हाळसाबाईंनी, एकच धोशा लावला होता, "पोरगं जिथं ऱ्हायलं, ते पानी मला एकदा बघू दे." तो गेल्यावर त्यांचे गुडघेही धरले होते. भिंतीच्या आधारानं चालत. पण जायचं ठरलं, तशी त्यांना भूक लागायला लागली. दिशाला तेवढंच पुष्कळ होतं.

"मी साधना बोलतेय," पलीकडून आवाज आला. "फार चढ-उतार नको म्हणून खालच्या मजल्यावरची केबिन धरलीय. सकाळी तुमच्या भावाचा फोन आला होता ना! आईचे गुडघे दुखतात म्हणाले."

"कुणाचा फोन?"

"सार्थक. जहाजावरूनच बोलतोय म्हणाले. वारा फार होता... नीट ऐकू येत नव्हतं."

आईच्या गुडघ्यांचं सार्थकला ठाऊकच नव्हतं.

"आणखी काय म्हणाला?"

"जाताना दोन तिकिटं... येताना एकच. मी पुन्हा विचारलं. म्हणाले, आई थांबणार आहे माझ्याजवळ."

"ताई, रद्द करा," दिशा कशीबशी म्हणाली. "सगळं रद्द करा. आम्हाला न्हाई जायचं."

"बरं... एक मिनिट हं. त्यांचाच फोन येतोय. जोडून देते."

"नको! ताई, जोडू नका..."

खट्ट आवाज झाला. साधनाचा आवाज गेला आणि नुसता वारा घोंघावायला लागला. कानाला लावलेला फोन बर्फासारखा गार पडला. वाऱ्याच्या तळातून, फार लांबून, कुणीतरी हाक मारली. सार्थक मेंढरांमागं गेला की माळावरून मारायचा, तशीच लांबवलेली.

"आयेऽऽ..."

दिशाला फोन खाली ठेवता येईना. बोटंच उघडत नव्हती.

फोन स्पीकरवर नव्हता. तरी आतून, चुलीपुढून, म्हाळसाबाईंनी ओ दिली.

"आले रं बाळा. थांब जरा, आले."