एकच तारीख

खिडकीत ‘बंद’ची पाटी पडतच होती, तेवढ्यात तिने कागद आत सरकवला. पाटीखाली तिचं बोट चेंगरलं.

“अरे देवा! लागलं?” दवाखान्याच्या विमा खिडकीवरचा कारकून अर्धवट उठला.

“बोटाचं राहू द्या. हे बघा आधी.”

विमा कंपनीचं पत्र होतं. ताईच्या रक्ततपासणीचा खर्च नामंजूर. गरोदरपणात रक्तदाब जिवावर बेतेल का, हे आधी सांगणारी तपासणी. चौदा आठवडे भरायच्या आत रक्त द्यायचं. ताईचे चार दिवस उरले होते, आणि भावजींची नोकरी सुटल्यापासून पदरचे पैसे भरण्याची सोय नव्हती.

“नुसती तपासणी म्हणून ते पैसे देत नाहीत,” तो म्हणाला. “डॉक्टरांनी कारण लिहिलं तर देतात. घरात कुणाला हा त्रास...? दवाखान्यात भरलेल्या फॉर्मवर तर ‘नाही’ लिहिलंय.”

अक्षर ताईचं होतं.

“आईला होता,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. “झटके आले... माझ्या वेळी. माझ्या मनाला लागेल म्हणून ताईने लिहिलं नसणार.”

तो हळूच म्हणाला, “पुरावा मागतील. मागताना मलाच कसंतरी होतंय...”

दुसऱ्या दिवशी तिने दोन दाखले आणले – स्वतःच्या जन्माचा आणि आईच्या मृत्यूचा. दोन्हींवर तारीख एकच. त्याने ते वाचले, तसाच उठला आणि डॉक्टरांकडून कारण लिहून आणलं. मग विमा कंपनीला फोनवर फोन. ती समोरच्या बाकावर.

“माझ्यापायी तुमचा चहा रोज बुडतोय.”

“चहा कुठे पळत नाही. तुम्हीच पळता... काम झालं की गायब.”

“थांबायला कारण नको? कारणाशिवाय तुमच्याकडे काही मंजूर होत नाही म्हणे.”

तो कानापर्यंत लाल झाला – आणि नेमकं तेव्हाच फोनवर कुणीतरी बोलायला लागलं.

चौथ्या दिवशी मंजुरी आली. त्याच दुपारी ताईने रक्त दिलं.

आठवड्याने अहवाल आला. धोका जास्त. रोज रात्री एक गोळी, दर आठवड्याला रक्तदाब तपासायचा. “खात्री मी देत नाही,” डॉक्टर म्हणाल्या, “पण वेळेत कळलं.” ताई रडली नाही. नुसती म्हणाली, “आई कशाने गेली, हे तुला कळू द्यायचं नव्हतं गं.”

“मला लहानपणापासून माहीत होतं, ताई.”

ताईला आत तपासायला नेलं, तशी ती त्याच बाकावर येऊन बसली. खिडकीत ‘बंद’ची पाटी लागली आणि तो बाहेर आला. वीतभर अंतर ठेवून शेजारी बसला.

“नख काळं पडलंय तुमचं.”

“पडू दे.”

“एकवीस तारखेला... काय करता तुम्ही?”

दाखल्यावरची तारीख. तिने मान खाली घातली. “काही नाही. आमच्याकडे त्या दिवशी कुणी काहीच करत नाही.”

“मग...” तो घुटमळला, “काही न करायला मी येऊ?”

ती म्हणाली, “ताई कारण विचारेल.”

“मग या वेळी खरं ते सांगू.”