रात्रीचं कालवण

गरम कालवण कुणालाही आवडतं, त्यात काय कौतुक? गार कालवण आवडायला जीभ लागते. हे मी महिपतला पहिल्याच भेटीत सुनावलं. ओळखपाळख नव्हती, पण त्यावाचून माझं काही अडलं नाही.

एकाहत्तर सालची गोष्ट. मुर्ध्याच्या आमच्या मिठागरात खाडीचं पाणी चढवायचं इंजिन त्या वर्षी सारखं रुसायचं. भाईंदरहून दुरुस्तीला माणूस आलाय म्हणून बाबांनी मला बघायला पाठवलं. मी माझी न्याहारी फडक्यात बांधून निघाले. पोचले तर इंजिन धडधडत होतं आणि एक उंच, काळासावळा माणूस आपला डबा त्याच्या तापलेल्या नळीवर धरून उभा होता. अगदी तान्ह्या पोराला शेक द्यावा तसा.

"काय करतोस रं?" मी विचारलं. आमच्यात अनोळखी माणसालाही 'तू'च म्हणतात. तो दचकला.

"डबा गरम करतोय. रात्रीचं आहे ना..."

"मंग त्याची वाट कशाला लावतोस?"

तो बघतच राहिला. आधी माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या फडक्याकडे. नजर सरळ होती, पण थोडी लाजून खाली उतरणारी. मला आवडली.

मी बांधावर बसले आणि फडकं सोडलं. तांदळाची शिळी भाकरी, कडेला जरा ताठ, मध्ये मऊ. वाडग्यात रात्रीचं कोलंबीचं कालवण. ताजं असताना त्यात तिखट वेगळं लागतं, कैरी वेगळी लागते, दोघांचं भांडण चालू असतं. रात्रभर शिंक्यावर राहिलं की दोन्ही एक होतात. रस्सा दाटतो, वर तेलाचा लाल पदर धरतो, आणि गार घास जिभेवर ठेवला की चव घाई न करता, हळूहळू उलगडत जाते. मी अर्धी भाकरी मोडून त्याच्यापुढे धरली. त्याने एक घास खाल्ला, मग दुसरा. मग आपला वाफाळलेला डबा त्याने गुपचूप बाजूला ठेवला.

त्याचं नाव महिपत. मूळचा रत्नागिरीकडचा, भाईंदरला केबिन रोडजवळच्या खोलीत थोरला भाऊ सदू आणि वहिनी यांच्याकडे राहायचा. वहिनी सकाळी सगळं उकळून डब्यात भरायची. शिळं खाताना कुणी पाहिलं तर लोक काय म्हणतील, अशी तिला भीती.

"लोक जेवायला येतात का तुझ्या डब्यात?" मी म्हटलं. तो हसला... आणि हसताना त्याच्या उजव्या गालाला खळी पडते हे मी पाहिलं ते पाहिलंच.

पुढे ते इंजिन दर आठवड्याला बिघडायला लागलं. एकाच मेकॅनिकच्या हाताखाली इतक्यांदा बिघडलेलं इंजिन मी दुसरं पाहिलेलं नाही. विचारलं तर म्हणायचा, जुनं आहे. मीही कालवणात रोज मूठभर कोलंबी जास्तच टाकत होते. आईने विचारलं तर मी म्हणायचे, आलागेला असतो कुणी. चोरावर मोर, दुसरं काय.

एकदा त्याचे हात तेलाने काळे झाले होते, म्हणून घास मी भरवला. एकदाच. खरं तर तीनदा.

"पुष्पलता," तो म्हणाला. माझं अख्खं नाव घेणारा तो एकटाच. "मला हे रोज पाहिजे."

"कालवन?"

"कालवण तर आहेच... पण—"

'पण'च्या पुढे तो गेला नाही आणि मीही ढकललं नाही. वाऱ्याने माझा पदर त्याच्या खांद्यावर नेऊन टाकला होता. तो त्याने काढला नाही. मी मागितला नाही.

घरी कळलं तेव्हा बाबा महिनाभर भांडले. जात, गाव, पगार, सगळ्यावरून. मी ऐकलं नाही. म्हटलं, मिठागरात जन्म गेला तरी चालेल, पण दुसऱ्या कुणापुढे पाटावर बसणार नाही. शेवटी ते थकले, पण एका गोष्टीवरून हटले नाहीत. त्याला कारण माझी मोठी बहीण, दुर्गाताई. तिच्या सासरी सगळ्यांची जेवणं उरकली की तिच्यापुढे काल-परवाचं उरलेलं सरकवायचे. तीन वर्षं. ती माघारी आली तेव्हा मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. तेव्हा बाबांनी शपथ घेतली होती. धाकटी जाईल ती ताजं ताट वाढणाऱ्या घरीच. बापाच्या घरात मी हौसेने गार कालवण खाल्लं तर ते बोलत नसत. सासरची गोष्ट मात्र वेगळी.

आणि हे महिपतला सांगायचं मी विसरले.

ठरलेल्या रविवारी दुपारी तो आणि सदू भावोजी मागणी घालायला आले. बाबांनी घर दणाणून सोडलं होतं. वाफाळता भात, तव्यावरून उतरलेल्या भाकऱ्या, तळलेले बोंबील, ताजं कालवण. महिपत घाबरलेला. पाठ ताठ, मान खाली. या घराला खूश करायचं म्हणजे काय करायचं, हे त्याला माझ्याकडून जेवढं कळलं होतं तेवढंच ठाऊक. बाबांनी विचारलं, आणखी काय वाढू? आणि तो मोठ्या प्रेमाने म्हणाला, "रात्रीचं काही असेल तर..."

सदू भावोजींनी त्याला कोपर मारलं, पण शब्द गेला तो गेला. बाबांचा हात भाताच्या टोपावर तसाच राहिला.

"मागनी घालायला येतो आनि शिलं मागतो," ते सावकाश म्हणाले. "जो माझ्या दारात शिलं मागतो, तो माझ्या पोरीला काय घालनार? जेवा आनि जावा. पोर देनार न्हाय."

स्वयंपाकघरात आईने माझा पदर धरला. मी तो सोडवला, शिंक्यावरचं मडकं काढलं, टोपलीतली शिळी भाकरी घेतली आणि बाहेर आले. ताट मांडून सगळ्यांसमोर त्याच्या शेजारी बसले. खेटून नाही, पण फार लांबही नाही.

"बाबा," मी म्हटलं, "ताई शिल्यानं सुकली न्हाय. सगल्यांचं झाल्यावर तिला वाढायचे, त्यानं सुकली. मला हे आवडतं. मी हितं खाते, तितंबी खानार. कुनी घातलं म्हनून न्हाय. मला पायजे म्हनून."

दारात शेजारपाजार जमला होता. जमू दे, म्हटलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. महिपतला विचारलं, "हिला काय घालशील?"

"तिला हवं ते."

"ते सगलेच बोलतात."

"आणि माझ्या आधी," महिपत म्हणाला. "आधी ती जेवेल. मग मी."

सदू भावोजींना ठसका लागला.

"मंग दाखव," बाबा म्हणाले.

महिपतने हात आवरला आणि मांडीवर ठेवला. मी पहिला घास घेतला. बायका दारातून बघत होत्या, पुरुष ओसरीवरून. पुरुष थांबलाय आणि बाई जेवतेय, असं त्या घरात कुणी पाहिलं नव्हतं. माझे कान तापले. एकदा वाटलं, चटचट संपवून टाकावं... मग वाटलं, का म्हणून? एक-एक कोलंबी सोलून खाल्ली. बोटं चाटली. जन्मात इतक्या सावकाश मी जेवले नव्हते, आणि कालवण कधी इतकं छान लागलं नव्हतं.

अर्धी भाकरी आणि थोडा रस्सा ठेवला आणि ताट त्याच्याकडे सरकवलं. नवऱ्याच्या उष्ट्या ताटात बायको जेवते, हे सगळ्यांना ठाऊक. त्याने माझं उष्टं पुढ्यात ओढलं, शेवटच्या तुकड्याने ताट पुसून खाल्लं आणि मग माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांदेखत. मीही नजर वळवली नाही.

बाबांनी दाराच्या चौकटीला टेकलेल्या दुर्गाताईकडे पाहिलं.

"तू सांग. देऊ?"

ताईने एकदा त्या रिकाम्या ताटाकडे पाहिलं.

"द्या, बाबा," ती म्हणाली. "याला थांबता येतं."